भिंतीला हात लागेपर्यंत

९ जून

ताई,

भिंगरीने काल मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला देता आलं नाही, रात्रभर विचार करूनही आलं नाही. तुझी लेक आहे, म्हणून तुलाच कळवते.

आधी नियम सांगते, म्हणजे प्रश्न कळेल. पोहण्याच्या तलावावरच्या मुलांच्या वर्गाचा आराखडा मी स्वतः लिहिला आहे आणि तो कमिटीने एक अक्षर न बदलता मान्य केला. मुलांवर ओरडायचं नाही. कुणाला किती वेळ लागला ते मोठ्याने सांगायचं नाही. कुणाची कुणाशी तुलना नाही, कुणाला वगळणं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, शेवटचं मूल भिंतीला हात लावेपर्यंत कुणी पाण्याबाहेर यायचं नाही. उथळ बाजूला आपापल्या लेनमध्ये उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या. त्याचा हात भिंतीला लागला की टाळ्या बंद, त्याआधी नाही. माझ्याआधी इथे जे सर होते, ते शेवटच्याला कठड्यावर उठाबशा काढायला लावायचे. त्यांच्या वर्गातली निम्मी मुलं पोहणं सोडून गेली. माझ्या वर्गातून एकही जाणार नाही, असं मी कमिटीपुढे बोलले आहे.

काल मुलांना गोलात बसवून हे समजावत होते. भिंगरीने हात वर केला.

"मावशी, शेवटच्याने हात लावलाच नाही तर?"

"इथे मॅडम म्हणायचं. आणि का नाही लावणार?"

"मॅडम, समजा नाही लावला. तर तुम्ही सगळे कधीपर्यंत वाजवणार?"

मुलं हसली, मीही हसले. पण घरी आल्यावर लक्षात आलं की आराखड्यात याची सोयच नाही.

नऊ वर्षांच्या मुलीला असा प्रश्न पडतो, यावरूनच बघ किती हुशार आहे ती. तू तिला आगाऊ म्हणायचीस.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. आत्याकडे त्या दिवशी सगळ्यांसमोर तू तिच्या कानशिलात दिलीस आणि मी ताटावरून उठून बोलले, ते तुझ्या मनाला लागलं हे मला माहीत आहे. पण मी चुकीचं बोलले नाही. मुलांना न मारताही वाढवता येतं आणि मी ते वर्षभरात करून दाखवेन, असं म्हणाले होते. तू म्हणालीस, "घेऊन जा मग, पदवीवाल्या बाई. वर्षाने बघू." बघूच आपण. वर्षभरात ती इथे फुलली तर इथेच राहील, नाहीतर मी स्वतः तिला तुझ्याकडे आणून सोडेन. हे मी विसरलेले नाही.

अंगावर एकही वळ नाही. आईला विचार.

तुझी धाकटी


२१ जुलै

ताई,

तू रविवारी आईला फोन केलास तेव्हा मी स्वयंपाकघरातच होते. आईने फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे तुझं सगळं ऐकू आलं. "मॅडमना सांग, टाळ्या वाजवून पोर मोठी होत असती तर मी कारखाना सोडून टाळ्याच वाजवल्या असत्या." आई हसली. बाबासुद्धा हसले. मीही हसणार होते, पण मग तू म्हणालीस, "ती रडली की हिला आनंद होतो, कारण मग समजूत घालता येते." हे बरोबर नाही ताई. मी पुस्तकं वाचून वागते म्हणून मला माया नाही, असं होत नाही.

भिंगरीची प्रगती चांगली आहे. अजून दर वेळी शेवटी येते, पण आमच्याकडे शेवटी येण्यात कमीपणा नाही. उलट सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच मिळतात. आमचा कॅप्टन, दाताच्या डॉक्टरांचा मुलगा, इतका समंजस आहे की तोच सुरुवात करतो आणि बाकीचे त्याच्या मागोमाग ताल धरतात. बाकावर बसलेले पालकसुद्धा सामील होतात. एवढी लहान मुलं दुसऱ्यासाठी थांबतात, हे बघून मला भरून येतं.

ती मात्र बुजते. परवा म्हणाली, "मला नको टाळ्या." मी तिला जवळ बसवून सांगितलं की कौतुक घेणं ही पण शिकायची गोष्ट असते. कुणी टाळ्या वाजवल्या की मान खाली घालायची नाही, हसून थँक यू म्हणायचं. आता भिंतीला हात लावला की ती वळून थँक यू म्हणते. सुरुवातीला पुटपुटायची, आता मोठ्याने म्हणते. मी तिच्याकडून सराव करून घेतला.

वर्गाच्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखतं. आई म्हणते वाताचं आहे आणि ओवा देते. मला वाटतं, नव्या गोष्टीची हुरहुर असावी. असं होतं मुलांचं, आम्हाला अभ्यासक्रमात होतं.

तू पाठवलेला पोहण्याचा पोशाख मोठा होतो तिला. तुला तिचं माप आठवत नसावं. मी खांद्यावर टाके घालून दिले आहेत.


३० ऑगस्ट

ताई,

आज इतकी चांगली गोष्ट घडली आहे की तू बोलत असतीस तर धावत फोन केला असता.

आज लांब फेरी होती. सगळे पोचले आणि भिंगरी मध्येच थांबली. लेनची दोरी धरून लोंबकळत राहिली. पुढे येईना, मागे जाईना. तिथे तिचे पाय टेकत नाहीत. मुलांनी टाळ्या सुरू केल्याच होत्या. ती काहीतरी म्हणत होती, पण टाळ्यांच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही.

जुने सर असते तर काठी पुढे करून ओढून घेतलं असतं. मी तसं केलं नाही. मी मुलांना म्हटलं, "थांबू नका. तिला आपली गरज आहे." बाकावरचे पालक उठून कठड्यापाशी आले. सगळा तलाव एका तालात वाजत होता, छपराखाली तो आवाज किती घुमतो तुला कल्पना नाही. बराच वेळ गेला. तिचे ओठ निळे पडायला लागले होते, पाणी गार होतं आज. जीवरक्षक उठला तेव्हा मी हाताने त्याला खाली बसवलं. स्वतःहून येणं महत्त्वाचं असतं.

आणि ती आली. एका हाताने दोरी सरकवत सरकवत आली, भिंतीला हात लावला आणि दात वाजत असताना म्हणाली, "थँक यू."

एक आई रडत होती. कॅप्टनच्या वडिलांनी सगळं मोबाईलवर घेतलं होतं. त्यांनी ते आमच्या कमिटीच्या सचिवांना पाठवलं, सचिवांनी आणखी कुठे कुठे. संध्याकाळी सचिव मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही सोनं आहात, आणि ती पोरगी तर हिराच. आता बघत राहा."

टॉवेलमध्ये गुंडाळून तिला घरी आणलं. रात्री जेवली नाही, दमली असेल. माझ्या कुशीत झोपली नाही, आईकडे गेली. तेही साहजिक आहे.


४ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं.

दोन आठवड्यांपूर्वी भिंगरीला घेऊन पाव आणायला गेले होते. आम्ही रांगेत उभ्या होतो. मागून दोन मुली आल्या, तलावावरच्या नव्हेत, तिच्या शाळेतल्या. त्यांनी तिला पाहिलं आणि टाळ्या वाजवायला लागल्या. मोठ्याने नाही. एक टाळी, मग थांबून दुसरी, मग तिसरी. दुकानदार कौतुकाने बघत होता. भिंगरीने मान वर केली, हसली आणि म्हणाली, "थँक यू."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हे कधीपासून?"

"शाळेत असंच असतं."

"असंच म्हणजे?"

"डबा उघडला की. फळ्यापाशी गेले की. संडासातून आले की." मग पावाची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "बाईंना आवडतं. बाई म्हणाल्या, किती गोड वर्ग आहे माझा."

मी कॅप्टनला बाजूला घेऊन विचारलं. तो अजिबात घाबरला नाही. माझ्या वर्गात कुणी घाबरत नाही.

"आम्ही कुणी वाईट शब्द वापरला का, मॅडम?"

"नाही."

"मग? आम्ही प्रोत्साहन देतो."

"इतकं सावकाश का वाजवता?"

"ती सावकाश पोहते ना. तिच्या तालात वाजवतो. तुम्हीच म्हणाला होता, दुसऱ्याच्या तालाशी जुळवून घ्या."

म्हणाले होते मी. आराखड्यातलं वाक्य आहे ते.

तू आता म्हणशील, मग नियम बंद करून टाकायचा. माझ्याही मनात आलं. पण त्याच आठवड्यात सचिवांनी बोलावून घेतलं होतं. तो व्हिडिओ जलतरण महासंघाच्या लोकांनी पाहिला आहे. त्यांना हा कार्यक्रम शहरातल्या सगळ्या तलावांवर न्यायचा आहे आणि तो मी चालवायचा आहे. आपल्या घरात कुणाला अशी खुर्ची मिळाली आहे, ताई? बाबा अजून टायरला ठिगळं लावतात. आणि त्या सगळ्या तलावांवर अजून उठाबशा चालतात. एका मुलीसाठी मी बाकीच्या शेकडो मुलांना उठाबशांवर सोडायचं का? मी मुलांशी फक्त भावनेविषयी बोलले. टाळी मनापासून असावी, म्हटलं. मुलांनी माना डोलावल्या.

पुढच्याच वर्गात भिंगरीने कॅप्टनच्या तळहाताचा चावा घेतला. पाण्यातून वर येऊन सरळ हात धरला आणि चावली. रक्त आलं.

मारणं नाही, ओरडणं नाही, हे तर ठरलेलंच आहे. आमच्याकडे कुणी कुणाला दुखवलं तर त्याने गोलाच्या मध्ये बसायचं आणि प्रत्येकाने शांतपणे, "मला वाटलं" असं म्हणून आपलं मन सांगायचं. ती मध्ये बसली. एकेक जण बोलला. "मला वाटलं की माझा विश्वास तुटला." "मला वाटलं की तू माणसांत राहू शकत नाहीस." "मला वाटलं की मॅडमना किती वाईट वाटत असेल." सगळे किती छान, पूर्ण वाक्यात बोलले. मी शिकवलेल्या वाक्यात. ओल्या पोशाखात ती शेवटपर्यंत बसली, नंतर उभी राहून सॉरी म्हणाली.

मग तिच्या धीराबद्दल त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

घरी येताना मी तिला विचारलं, "राग आलाय का माझा?" तिने डोकं हलवलं, नाही. मग म्हणाली, "आई मारते तेव्हा दार लावून घेते."

आत्याकडचं सोडून, असं मी म्हणणार होते. पण म्हटलं नाही.


९ नोव्हेंबर

ताई,

थोडक्यात लिहिते. भिंगरी आता शेवटी येत नाही. कुणी वेगळं शिकवलं नाही. चावल्याच्या त्या दिवसापासून ती पाण्यात उतरली की मागे कुणी लागल्यासारखी सुटते, श्वाससुद्धा घेत नाही मधे. गेला महिनाभर तिच्यामागून दोघंतिघं येतात. तिच्यासाठी टाळ्या वाजवायची वेळच येत नाही. शाळेतही कमी झालं म्हणते. मी फार खूश होते.

पण महासंघाचे पाहुणे प्रात्यक्षिक बघायला येणार आहेत, आणि त्यांना व्हिडिओतलीच मुलगी बघायची आहे. मी सचिवांना सांगितलं की ती आता शेवटी येत नाही. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो मॅडम, हे आत्ताच सुचायचं होतं का तिला?" मग आवाज खाली करून म्हणाले, "घरचीच पोर आहे ना तुमची? सांगा की समजावून. एक दिवस जरा दमानं."

मी तिला समजावलं. जबरदस्ती केली नाही. किती मुलांचं भलं होणार आहे ते सांगितलं. ती मोजे घालत होती. एक मोजा घालून झाल्यावर म्हणाली, "मग मला आईकडे पाठवशील?"

"तुला जायचंय?"

"आधी हो म्हण."

मी हो म्हटलं. एक दिवस सावकाश पोह, एवढंच मागितलं आहे मी. यात वाईट काय ते तूच सांग. तू तर तिच्याकडून भांडी घासून घ्यायचीस.


२५ नोव्हेंबर

ताई,

काल प्रात्यक्षिक झालं.

तलावाला रंग दिला होता. पाहुण्यांसाठी कठड्यापाशी खुर्च्या मांडल्या होत्या. मी आराखडा वाचून दाखवला, शिट्टी दिली, मुलं सुटली. भिंगरी दिलेल्या शब्दाप्रमाणे मागे राहिली. इतकं सुंदर पोहत होती, हात लांब टाकून, शांत, अजिबात धाप नाही. मी तिला असं पोहताना कधी पाहिलंच नव्हतं. एकेक जण भिंतीला लागला, वळला, टाळ्या सुरू झाल्या. पाहुणे उठून उभे राहिले आणि तेही वाजवू लागले.

ती भिंतीपर्यंत आली. हात पुढे केला आणि थांबली.

तिथे पाय टेकतात. ती सरळ उभी राहिली, हात पाण्याखाली घेतला आणि आमच्याकडे बघू लागली.

आधी कुणाला कळलं नाही. सचिव जोरात वाजवू लागले, "शाबास, शाबास, आता लाव हात." ती हलली नाही. नियमाप्रमाणे थांबता येत नव्हतं. मी नुकताच तो माईकवरून वाचला होता. पाहुण्यांमधल्या एक बाई डोळे पुसत वाजवत होत्या. मग त्यांचे डोळे कोरडे झाले, तरी वाजवत होत्या. एका पाहुण्याने हळूच घड्याळात पाहिलं आणि पुन्हा सुरू केलं. कॅप्टनचे तळहात लाल झाले होते. एकावर चाव्याचा व्रण आहे, तो तर जांभळा दिसत होता. सगळ्यात बारकी मुलगी रडायला लागली, पण वाजवत राहिली, आणि माझ्याकडे बघत राहिली, की थांबू का?

भिंगरी प्रत्येकाकडे बघत होती. एकेकाच्या तोंडाकडे, मग हातांकडे. घाई नव्हती तिला. शेवटी तिची नजर माझ्यावर आली आणि तिथेच राहिली.

मला जूनमधला तिचा प्रश्न आठवला. आणि ताई, दोरी धरून ती काय म्हणत होती, तेही. तुला लिहिलं होतं की नीट ऐकू आलं नाही. आलं होतं. ती म्हणत होती, "मावशी, त्यांना थांबव."

माझे हात झोंबत होते. सगळ्यात आधी मी थांबले.

मग बाकीचे थांबले. सगळीकडे गप्प झालं, फक्त पाणी जाळीत शिरत असल्याचा आवाज. तेव्हा तिने भिंतीला बोट लावलं, एकच बोट. थँक यू म्हणाली नाही. शिडीने वर आली आणि ओल्या पायांनी पाहुण्यांच्या समोरून कपडे बदलायला निघून गेली.

आता सगळं संपलं, असं मला वाटलं. पण पाहुण्या बाई माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "काय क्षण होता. तिला तो सोडवतच नव्हता." सचिवांनी लगेच री ओढली. नेमणुकीचा कागद टेबलावरच होता. त्यांनी फक्त एक दुरुस्ती सुचवली, टाळ्या जास्तीत जास्त एक मिनिट, म्हणजे कार्यक्रम लांबत नाही. मी ती मान्य केली आणि सही केली. एक तारखेपासून शहरातले सगळे तलाव माझ्याकडे आहेत. बाबांनी शेजाऱ्यांना सांगितलंसुद्धा. शेवटी कुणीतरी येणारच, ताई. उठाबशांपेक्षा हे बरं, असं मला अजूनही वाटतं. वाटलं पाहिजे.

तू जिंकलीस असं समजू नकोस. मीही हरले असं कुणी म्हणत नाही.

आज सकाळी मी तिला तुझ्याकडे येणाऱ्या बसमध्ये बसवलं. आई सोबत आहे. हे पत्र मिळेल तोवर त्या दोघी पोचून बरेच दिवस झालेले असतील. पोशाखाचे टाके मी उसवून दिले आहेत, आता तो तिला बरोबर बसतो. तिच्या समोर दोन तळहातांत डास मारताना जरा जपून, एवढं लक्षात ठेव.

बस सुटायच्या आधी तिने खिडकीची काच सरकवली. मी टाटा करायला हात वर केला. ती म्हणाली, "हात खाली ठेव, मॅडम."

मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि बस वळणाआड जाईपर्यंत बाहेर काढले नाहीत.